मदत हवी आहे: कुत्र्यांसाठी अंगणात कृत्रिम गवत

गोराईला गावठाणातल्या घरामागे २० बाय १५ फुटांचं मोकळं अंगण आहे. दोन कुत्रे, दोन्ही गावठी, आणि खोदकामात पटाईत. पावसाळ्यात चिखलाचे पंजे थेट आईच्या गादीवर उमटतात. म्हणून कृत्रिम गवत घालायचा विचार आहे.

गवतवाला म्हणतो, मातीवरच अंथरू, खिळे ठोकू, झालं. मला पटत नाही. खाली खडी आणि वर ग्रिट (दगडाचा बारीक चुरा) दाबून, थोडा उतार दिल्याशिवाय जुलैतलं पाणी जाणार कुठे? शिवाय लघवी खाली मुरून वास सुटणार तो वेगळाच. झिओलाइट (अमोनिया शोषणारं दाणेदार खनिज) घातलं की अमोनियाचा वास कमी होतो हे माहीत आहे, पण मुसळधार पावसात ते वाहून जातं का? खडीचा थर ४ इंच पुरेल की ६ लागेल?

दुसरी काळजी उन्हाची. गच्चीवर नमुन्याचा तुकडा ठेवला होता. दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवला आणि उडीच मारली. कुत्र्यांनी काय करायचं? वर हिरवी जाळी बांधून भागतं का?

वसई-विरारकडे किंवा इथेच कुणी घातलं असेल, तर दोन पावसाळ्यांनंतर त्याची काय अवस्था आहे ते सांगा. कडा उकरू नयेत म्हणून काय केलंत तेही. (‘कुत्र्यांना शिकवा’ सोडून.)