हफ्त रंगी टाइल: रंग रेषा ओलांडतात, मदत हवी आहे

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात सतराव्या शतकातलं, इराणमधल्या इस्फहानचं एक टाइलचित्र आहे, बागेतल्या कवितावाचनाचं. त्यातल्या एका बसलेल्या माणसाचा भाग मी सहा टाइलवर करतेय. अंगरख्याचा पिवळा आणि मागचा निळा एकमेकांत मिसळतात, आणि नेमकी तिथेच सगळी नजाकत आहे.

पद्धत जुनीच, हफ्त रंगी म्हणजे फारसीत 'सात रंगी': भाजलेल्या पांढऱ्या ग्लेझवर (टाइलवरचा काचेसारखा लेप) मँगनीज ऑक्साइड तेलात कालवून रेषा, आणि मधल्या जागांत रंगीत ग्लेझ. तेलामुळे पाण्यातलं ग्लेझ रेषेपाशी थांबायला हवं. भरताना थांबतंही, पण भट्टीतून काढल्यावर रेष पुसट आणि रंग पलीकडे.

जवसाचं तेल वापरलं, मग वितळवलेलं मेण. मेणाची रेष जाड येते, चेहऱ्याला चालत नाही. ग्लेझ पातळ लावलं तर रंग फिके पडतात. टाइल आडव्याच भाजते, भट्टी विजेची, तापमान १०२० अंश सेल्सिअस. शिशाचं ग्लेझ वापरणार नाही.

हे काम प्रत्यक्ष केलेल्यांना विचारते: मँगनीज आणि तेलाचं प्रमाण किती ठेवता? आणि तापमान उतरवायचं की रंगीत ग्लेझच कमी वाहणारं करायचं, आधी काय बदलून बघू?