जुन्या पीसीवर लेथचं सिम्युलेटर चालेल का?

सातपूरचा टर्नर
नाशिकला सातपूरमध्ये माझा सीएनसी टर्निंगचा, म्हणजे संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या लेथचा, छोटा क्लास आहे. मशीन एक, पोरं चौदा. परवा एकाने जी०१ (कापत हळू सरक) च्या जागी जी०० (पूर्ण वेगाने सरक) टाकलं आणि टूल भसकन जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसलं. इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) गेला, तो धरणारा होल्डरही गेला. म्हणून प्रोग्राम आधी स्क्रीनवर चालवून घ्यायचाय. विकतचं सॉफ्टवेअर परवडत नाही. लिंक रोडच्या भंगारातून आणलेले पाच पीसी आहेत, रॅम एक जीबी. पायथनमध्ये बारीक थ्रीडी ठोकळ्यांचा जॉब उभा केला, तर एक कट दिसेपर्यंत चहा पिऊन होतो.

अर्धा_पॉइंटर
दादा, ठोकळे कशाला? लेथवरचा जॉब गोलच असणार. लांबीच्या दर ०.०५ मिमीला त्रिज्या किती उरली, एवढाच आकडा ठेवा. १०० मिमीला २,००० आकडे. मायक्रॉनमध्ये पूर्णांक ठेवले तर ६५ मिमी त्रिज्येपर्यंत दोन बाइटांत बसतं, म्हणजे अख्खा जॉब ४ किलोबाइटांत. टूल सरकेल तिथे जुनी त्रिज्या आणि टूलची, यातली लहान ती ठेवायची. चित्रही तेवढ्याच पट्टीचं पुन्हा काढा. बोअरला (आतल्या भोकाला) दुसरी रांग, तिथे मोठी ती. फेस ग्रूव्ह (टोकाच्या सपाट तोंडावरची गोल खाच) मात्र यात बसणार नाही, तो सोडून द्या.
जी०२-जी०३ च्या गोलाईचे सरळ तुकडे पाडा. १० मिमी त्रिज्येला ०.९ मिमीचा तुकडा घेतला तरी चूक साधारण ०.०१ मिमी.

अंबड नाइट शिफ्ट
प्रोग्राममधला एक्स व्यासात असतो, भागिले दोन विसरू नका. आणि बऱ्याच मशीनवर जी०० सरळ रेषेत जातच नाही! दोन्ही अक्ष आपापल्या पूर्ण वेगाने सुटतात, एक आधी पोचून थांबतो, दुसरा एकटा पुढे जातो. वाट मध्येच मोडते. तुम्ही स्क्रीनवर सरळ रेघ मारली तर पोरगं तिथे पास आणि मशीनवर टेलस्टॉकला (जॉबचं दुसरं टोक धरणाऱ्या भागाला) धडक. आमच्याकडे झालंय.

सातपूरचा टर्नर
रविवारी बसलो. भागिले दोन विसरलोच, टूल तासभर हवेतच फिरत होतं. आता त्याच पीसीवर कट डोळ्यांसमोर होतो. जी०० मोडक्या वाटेने जातं, जॉबला लागलं की लाल. चकचे जॉ (जॉब पकडणारे जबडे) अजून स्क्रीनवर काढायचेत. पोरांचे चौदा प्रोग्राम टाकून पाहिले, पाच लाल. शिवाय मी फळ्यावर लिहून दिलेला एक.