गेटसमोरचा कोयता: आपल्या सोसायटीच्या ग्रुपवरची रविवारची चर्चा

ए-१०२: काल रात्री साडेदहाला गेटसमोर राडा झाला, कुणी बघितला का? तिघं पोरं होती, एकाच्या हातात कोयता. टपरीवर उभ्या असलेल्या पोराच्या मागं लागली. जाता जाता दोन गाड्या फोडल्या, त्यातली एक माझी.

बी-२०२: अरे देवा. माझी मुलगी शंभरफुटीवरच्या क्लासहून त्याच वेळेला येते.

सी-३०१: कॅमेऱ्यात सगळं आलंय, वर टाकलंय बघा. मधला ओळखला का? आपले जिने झाडायला येणाऱ्या मावशींचा धाकटा. विश्रामबागेतल्या सगळ्या ग्रुपवर फिरवा, तोंडं दिसू देत.

ए-४०१: त्या वस्तीतली पोरं सगळी तसलीच. मावशींना उद्यापासून बंद करा.

बी-४०४: ३०१ दादा, आधी तो व्हिडिओ इथून काढा. मी बाल न्याय मंडळापुढं केसेस चालवते म्हणून सांगतेय. १८ च्या आतल्या मुलाची ओळख उघड करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ नं मनाई आहे. ६ महिन्यांपर्यंत कैद, २ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि दंडाचं सोडा. व्हिडिओ फिरला की ज्यांच्यासाठी तो कोयता घेऊन आला, त्यांच्यात त्याचा भाव वाढतो. शाळेचं आणि कामाचं दार मात्र बंद होतं. मग त्यानं जायचं कुठं?

ए-४०१: म्हणजे वय कमी म्हणून सोडून द्यायचं? सुटतातच ही पोरं.

बी-४०४: सुटत नाहीत काका. त्यांना लॉकअपमध्ये ठेवत नाहीत, पण २४ तासांत मंडळापुढं उभं करतात, चौकशी होईपर्यंत निरीक्षणगृहात ठेवता येतं. गुन्हा सिद्ध झाला तर ३ वर्षांपर्यंत विशेष गृहात, म्हणजे मुलांच्या सुधारगृहात पाठवतात. मुलगा १६ ते १८ मधला असेल आणि गुन्ह्याला किमान ७ वर्षांची शिक्षा असेल, तर चौकशी करून मंडळ त्याचा खटला प्रौढासारखा चालवण्यासाठी बाल न्यायालयाकडं पाठवू शकतं.

पण मला राग दुसऱ्याच गोष्टीचा आहे. गेल्या महिन्यात कोपऱ्यावर कुणा भाऊचा वाढदिवस झाला. रस्ता अडवला, तलवारीनं केक कापला, आणि फ्लेक्स बांधायला हीच पोरं होती. आपण खिडक्या लावून घेतल्या. ११२ ला फोन कुणी केला? आज बोट दाखवतोय ते जिने झाडणाऱ्या बाईकडं. भारतीय न्याय संहितेचं कलम ९५ वाचा. जो १८ च्या आतल्या पोराला गुन्ह्यासाठी कामाला लावतो त्याला ३ ते १० वर्षं कैद आहे, आणि गुन्हा घडला तर तो त्यानं स्वतः केला असं धरून त्याची शिक्षा वेगळी. कोयता कुणी दिला, गाडी कुणाची, पोरांना बोलावतं कोण, हे तक्रारीत आलं पाहिजे.

डी-१०४: बरोबर बोललीस पोरी. आमच्या वेळीही तालमीतली पोरं भांडायची, काठ्या निघायच्या. पण वस्तादानं एक हाक मारली की पोरगं मान खाली घालून घरी जायचं. दुसऱ्या दिवशी जोर-बैठका दुप्पट. आता हाक मारणारंच कुणी राहिलं नाही, पोरं ज्याला त्याला भाऊ म्हणत फिरतात.

बी-२०२: मावशींशी मी सकाळी बोलले. घरचं इथं लिहीत नाही. पण पोराला कोण घेऊन जातं ते त्यांना माहीत आहे आणि त्या फार घाबरल्यात.

सी-३०१: काढला व्हिडिओ. पण पोलिसांना तर द्यायचा ना?

सचिव: द्यायचाच. कॅमेऱ्याच्या डीव्हीआरमधलं जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, म्हणून पेनड्राइव्हवर घेतलंय. कुणी पुढं पाठवला असेल तर तिथूनही काढा.

ए-४०१: मला अजून पटलेलं नाही. नातवाला खाली खेळायला सोडायची भीती वाटते, त्याचं काय?

बी-४०४: भीती खरी आहे काका, मलाही वाटते. म्हणून तर लेखी तक्रार द्यायची. टपरीपलीकडचा दिवा किती दिवस बंद आहे, रात्री पोरं तिथंच जमतात. त्याचा अर्ज महापालिकेला करू, तुम्ही सही करा.

ए-४०१: सही करतो.

ए-१०२: गाडीची तक्रार माझ्या नावानं देतो. वहिनी, मजकूर तुम्ही सांगा.

बी-२०२: मावशी यायला तयार आहेत, पण बायका सोबत असतील तरच. कोण येतंय?

डी-१०४: आमची ही येते. मीही आहे.

बी-४०४: अकराला गेटवर. पोलीस ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेले असतात, त्यांनाच भेटू. आणि मावशींचं काम बंद होणार नाही, पगार थांबणार नाही, हे सचिवांनी आत्ताच इथं लिहावं.

सचिव: मावशींचं काम चालू राहील. पगार नेहमीप्रमाणे १ तारखेला.