मदत हवी आहे: रिकर्व्ह धनुष्यासाठी टिकाऊ आणि घरी धार लावता येईल असं ब्रॉडहेड (शिकारीच्या बाणाचं धारदार टोक) कुठलं?

दगडू_डेट्रॉइट
१ ऑक्टोबरला मिशिगनचा आर्चरी सीझन (धनुष्यबाणाने शिकारीचा मोसम) उघडतोय आणि माझ्याकडे एकही धड ब्रॉडहेड नाही. गेल्या वर्षी बदलत्या ब्लेडची घेतली होती, कंपनीचं नाव घेत नाही. हरणाच्या खांद्याच्या हाडावर बसलं आणि एक ब्लेड तुटलं, दुसरं वाकलं. हरीण मिळालं, पण परत तो जुगार नको. आता अखंड पोलादाचं, कानशीने घरी धार लागेल असं पाहिजे. नेटवर शंभर नावं दिसतात. कुठलं घेऊ? लवकर सांगा, मागवायला वेळ लागतो.
(शाकाहार-मांसाहार वाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.)

कानसवाला_काका
धनुष्य किती पौंडाचं, म्हणजे ओढायला किती जोर लागतो? बाण लाकडी की कार्बन? सराव किती ग्रेनच्या (टोकाच्या वजनाचं माप) पॉइंटने करता? याशिवाय काय सांगणार, कपाळ?

दगडू_डेट्रॉइट
रिकर्व्ह म्हटलं की वर. ४५ पौंड.

कानसवाला_काका
४५ हे धनुष्यावर लिहिलेलं, २८ इंच ओढल्यावरचं. तुम्ही किती ओढता?

दगडू_डेट्रॉइट
२६. काय फरक पडतो?

कानसवाला_काका
फरक असा की तुमच्या बोटांवर चाळिशीच्या आसपासच वजन येतं. तेवढ्या जोरात तीन पाती आत रेटायला बाणाला जड जातं. दोन पात्यांचं घ्या आणि मोकळे व्हा. मी झ्विकीची एस्किमो वापरतो. मिनेसोटाची जुनी कंपनी, १९३८ पासूनची. टोकाशी पत्रा दुहेरी, म्हणून हाडावर टोक सहसा मुडपत नाही, आणि पोलाद इतपतच कडक की साधी कानस धरते.

तीनपाती
काकांचा दोन पात्यांचा जप सुरू झाला. धार *सोपी* पाहिजे ना? मग अखंड तीन पात्यांचं घ्या, वुड्समन किंवा व्हीपीए यांपैकी एखाद्या ब्रँडचं. दोन पाती एकदम कानशीवर टेकवायची आणि ढकलायचं. कोन आपोआप ठरतो, हात हलायचा प्रश्नच नाही. नवशिक्यालाही जमतं. जखम मोठी होते, रक्ताचा माग सापडतो. माझ्या बायकोचं धनुष्य ४२ पौंडाचं, तिचे बाण आरपार जातात.

कानसवाला_काका
बरगड्यांतून जातात. दगडूंचं खांद्यावर बसलं होतं, वाचलंत का?

एकधारी
दोघंही मागच्या शतकात आहात. सिंगल बेव्हल घ्या. एकाच बाजूने घासलेली धार आत जाताना फिरते आणि हाड फोडते. बाण किती आत जातो हे तपासणाऱ्या डॉ. एड ॲशबींच्या चाचण्या वाचा.

कानसवाला_काका
वाचल्यात. त्यांच्या नंतरच्या बऱ्याच चाचण्या ऑस्ट्रेलियात पाणम्हशींवर झाल्या. इथे पांढऱ्या शेपटीचं हरीण मारायचंय. शिवाय बऱ्याच सिंगल बेव्हलचं पोलाद ५५ रॉकवेलच्या (कडकपणाचं माप) आसपास किंवा वर असतं. धार टिकते, कबूल, पण कानस त्यावरून नुसती घसरते. मग हिऱ्याचे दगड घ्या, कोन धरून ठेवणारा जिग घ्या. प्रश्न कानशीचा होता.

एकधारी
टिकाऊपण पण विचारलंय. असो. घेतलंत तर आधी पिसं बघा. उजव्या पंखाची पिसं असतील तर उजवं बेव्हल, डाव्या पंखाची तर डावं. उलटं लावलंत तर पिसं बाण एका दिशेने फिरवणार आणि पातं दुसऱ्या.

सात्त्विक_पुणेकर
भारतात १९७२ च्या कायद्यानंतर शिकार बंद आहे. आपण मराठी माणसं तिकडे जाऊन हे करतो याचं वाईट वाटतं.

तीनपाती
मिशिगनमध्ये परवाना काढून करतात हो. धागाकर्त्याने वर कंस उगाच टाकला नव्हता.

ढब्बू_मिरची
धारेचाच विषय आहे तर, घरच्या विळीला मी इलेक्ट्रिक ग्राइंडर वापरते, दोन मिनिटांत काम. तुम्हीही तेच का करत नाही?

कानसवाला_काका
ताई, पातळ पातं ग्राइंडरवर तापून निळं पडलं की पाणी उतरलं. मग ते खिळ्याइतकं मऊ. ब्रॉडहेडला ग्राइंडर अजिबात नको.

दगडू_डेट्रॉइट
विळी बाजूला ठेवा प्लीज. बाण सिडरच्या लाकडाचे आहेत, जाडी ११/३२ इंच. सरावाला १२५ ग्रेन. पिसं कुठल्या पंखाची ते बघावं लागेल.

कानसवाला_काका
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! लाकडी म्हणजे स्क्रूवाली आपोआप बाद, चिकटवायची घ्या. बाणाच्या टोकाचा ५ अंशाचा टेपर (निमुळता उतार) नीट कापलेला असू द्या. हॉट मेल्टने (गरम करून वितळणारा डिंक) चिकटवा, एपॉक्सीने नको, म्हणजे गरम करून काढता येतं. चिकटवल्यावर बाण नखावर फिरवून बघा. टोक डगमगलं तर पुन्हा गरम करून थोडं वळवा. हे न करता लोक धनुष्याला शिव्या देतात. वजन १२५ च्या जवळच ठेवा. एकदम १६० वर गेलात तर पुढे वजन वाढून बाण स्पाइनला (बाणाचा ताठपणा) मऊ वागेल आणि सगळी ट्यूनिंग पुन्हा.

तीनपाती
आणि मिशिगनमध्ये ब्रॉडहेडची रुंदी किमान ७/८ इंच लागते. एस्किमो त्यात बसतं, बाकी अरुंद काही घेणार असाल तर मोजून घ्या. (हो काका, तुमचंच नाव घेतलं. खूश?)

दगडू_डेट्रॉइट
ठीक, दोन पाती. आता धार. मी घासतो पण केस सोडा, कागदही कापला जात नाही.

कानसवाला_काका
कडेला मार्करने काळं करा. कानशीने एक-दोनदा घासा आणि काळं कुठून गेलं बघा. फक्त मागचं गेलं तर कोन फार सपाट आहे, धारेपर्यंत पोचतच नाही आहात. बहुतेकांचं इथेच अडतं. एका बाजूने पूर्ण लांबीवर बर (धारेवर उठणारी बारीक खरखरीत कड) हाताला लागेपर्यंत घासा, मग दुसऱ्या बाजूने. नंतर दाब कमी करत आलटून पालटून. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, धार मागे ठेवून ओढा. केस कापून काय करायचंय? रबरबँड ताणून धरा, नुसतं टेकवल्यावर तुटला पाहिजे. झालं की व्हॅसलीनचा हलका हात, नाहीतर भात्यातल्या ओलीने एका रात्रीत गंज.

एकधारी
काका चामड्याच्या पट्ट्यापर्यंत आले, म्हणजे अजून आशा आहे.

दगडू_डेट्रॉइट
एस्किमो मागवली, १२५ च्या आसपासची. कानस ८ इंची घेऊ की १०?

कानसवाला_काका
१०, मिल बास्टर्ड (मध्यम भरड दातांची सपाट कानस). आणि लाकडी मूठ वेगळी घ्या, मागचं टोक तळव्यात घुसतं.

ढब्बू_मिरची
ही कानस विळीला चालेल का?