आर्किटेक्ट फक्त नकाशा काढतो का?

परळकर:
एक आर्किटेक्ट मित्र परवा म्हणाला, "आम्ही नकाशे काढतो, राजकारण मंत्रालयात चालतं." मला हे अजिबात पटलेलं नाही. मी ना. म. जोशी मार्गाच्या बीडीडी चाळीत, म्हणजे ब्रिटिश सरकारनं बांधलेल्या कामगारांच्या चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, संडास सामायिक, माणसं सात. वडील रात्रपाळीला गेले की त्यांच्या जागेवर काका झोपायचा. कामगाराला एवढी जागा पुरे, असं १९२०च्या दशकात कुणीतरी कागदावर आखलं आणि आमच्या तीन पिढ्या त्या आकड्यात राहिल्या. हे राजकारण नाही? व्हीटीच्या फाटकावर सिंह आणि वाघ आहेत. सिंह ब्रिटन, वाघ हिंदुस्थान. आर्किटेक्ट स्टीव्हन्सनं स्टेशनाबरोबर राज्यही दगडात बांधून ठेवलं.

टीस्क्वेअर:
परळकर, खोलीबद्दल वाद नाही. पण आकडा सरकारचा होता. माझा व्यवसायच हा आहे. एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधायचं ते, सरकार ठरवतं, बजेट बिल्डर. मी नकार दिला तर दुसरा सही करतो. मुंबईतल्या गिरण्यांच्या जमिनींचा सलग विचार करा, असं आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांच्या समितीनं १९९६मध्ये सांगितलं होतं. २००१मध्ये नियमच बदलला. मोकळ्या जागा आणि सार्वजनिक घरांसाठीची वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, गिरणीच्या शेडखालची सगळी मालकाला. सुप्रीम कोर्टानंही २००६मध्ये तो बदल कायम ठेवला. जिथं कोरियांचं चाललं नाही, तिथं आमचं काय चालणार?

बेलापूरवाली:
मग नवी मुंबई कुठून आली? कोरिया, प्रवीणा मेहता आणि इंजिनीअर शिरीष पटेल यांनी १९६५मध्ये खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, १९७०मध्ये ते उभारायला सिडको ही सरकारी कंपनी झाली.

टीस्क्वेअर:
आणि मंत्रालय? तेही खाडीपलीकडे जायचं होतं, राहिलं नरीमन पॉइंटलाच.

बेलापूरवाली:
मान्य. पण बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये कोरियांनी दोन घरांत सामायिक भिंत ठेवली नाही. ऐपत येईल तसं ज्यानं त्यानं घर वाढवावं म्हणून. हे तर त्यांच्याच हातात होतं ना?

परळकर:
"दुसरा सही करतो" हेच मला खुपतं. माझी मावशी पुनर्वसनाच्या इमारतीत राहते. भर दुपारी ट्यूबलाइट लावते. समोरच्या घरातल्या फोडणीचा ठसका हिला लागतो. खिडकी कुठं उघडणार, हे नकाशा काढणाऱ्याला दिसत होतं. काम सोडू नका एक वेळ, पण हरकत लेखी तरी नोंदवा. तुम्ही कधी नोंदवलीत?

टीस्क्वेअर:
एकदा. जिन्यात उजेड नव्हता म्हणून. काम गेलं, इमारत तशीच उभी राहिली.