तांब्याचे दागिने काळे करताना सडक्या अंड्यांसारखा वास येतो. घरात हे काम सुरक्षित आहे का?

प्रश्न (तासगाव)
नमस्कार. माझी पत्नी तांब्या-पितळेचे दागिने घरीच घडवून सांगलीतल्या प्रदर्शनांत विकते. तापवून काळवंडलेला पत्रा ती पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये उजळते आणि मग जुनाट छटा यावी म्हणून पोटॅशियम सल्फाइडच्या कोमट पाण्यात बुडवते. गेल्या आठवड्यात त्या वाटीतून नेहमीपेक्षा फार उग्र वास आला, तिचे डोके दुखू लागले, पण थोड्या वेळाने वास येईनासा झाला म्हणून आम्ही काम पुढे चालू ठेवले. हे सारे स्वयंपाकाच्या ओट्यावर, करोनाकाळातला मास्क बांधून चालते. घरात चार वर्षांची मुलगी आहे. आमचे कुठे चुकते आहे?

उत्तर (रसायनशास्त्राची शिक्षिका, मिरज)
वास येईनासा झाला, हे वाचून मला सर्वांत जास्त काळजी वाटली. सल्फाइडला ॲसिड लागले की हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो, आणि हवेच्या दहा लाख भागांत त्याचे सुमारे 100 भाग झाले की नाक काही मिनिटांतच बधिर होते. म्हणजे वास थांबला तरी वायू तिथेच असू शकतो. दागिन्याच्या खाचांत राहिलेले ॲसिड वाटीत उतरले असावे. उजळलेला नग आधी भरपूर पाण्याने धुवावा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा, बुडबुडे पूर्ण थांबल्यावर पुन्हा धुवावा आणि नंतरच सल्फाइडकडे न्यावा. दोन्ही बाटल्या एका फळीवर ठेवू नयेत. कापडी किंवा साधा मास्क वायू अडवत नाही. ओट्यावरचे काम कृपया आजच बंद करा.

उत्तर (विटा)
ताईंनी सल्फाइडचे सांगितले, मी नायट्रिकचे सांगतो. आमच्या खानापूर तालुक्यातली कितीतरी घरे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, आमचेही त्यांतलेच. ॲसिडमध्ये तांबे किंवा चांदी पडली की जो तांबूस-तपकिरी धूर उठतो, त्याचा घात उशिरा कळतो. माझे चुलते एकदा बंद खोलीत भट्टीवर होते; संध्याकाळी थोडा खोकला, जेवण व्यवस्थित, आणि मध्यरात्री श्वास लागून दवाखान्यात न्यावे लागले. फुप्फुसांत पाणी झाले होते. असा धूर छातीत गेला, तर बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

वहिनींच्या कामाला नायट्रिकची मुळात गरजच नाही. एक लिटर गरम पाण्यात 100 ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात नग ठेवावेत. वेळ अधिक लागतो, पण पत्रा स्वच्छ होतो. मात्र त्यात लोखंडी चिमटा घालू नये, नाहीतर नगांवर तांब्याचा थर बसतो. लिंबूसत्त्व हेही ॲसिडच आहे, त्यामुळे सोड्याच्या पाण्याचा नियम इथेही पाळावाच लागतो.

प्रश्नकर्ता
दोघांचे मनापासून आभार. काम आता गच्चीवरच्या उघड्या पत्राशेडमध्ये हलवतो. उरलेले नायट्रिक शीतपेयाच्या बाटलीत आहे आणि ते वापरून निळे झाले आहे. मोरीत ओतावे का?

उत्तर (रसायनशास्त्राची शिक्षिका, मिरज)
मोरीत नको, गटारातही नको. विरघळलेले तांबे माशांना फार घातक असते. आधी त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती मुलीचा हात पोहोचणार नाही अशा कुलपात ठेवा, कारण मूल शीतपेय समजून तोंडाला लावेल. ज्या दुकानातून ॲसिड आणले, तिथे ते परत घेतात का हे विचारा. हाताळताना रबरी हातमोजे आणि चष्मा हवाच. पातळ करायची वेळ आली तर ॲसिड पाण्यात हळूहळू सोडावे, पाणी ॲसिडमध्ये कधीही नाही; अंगावर उडाले तर किमान 15 मिनिटे वाहत्या पाण्याखाली धरावे.