‘ऑल्टरनेट युनिव्हर्स’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न (खानापूर)

चाहत्यांनी आवडत्या पात्रांवर लिहिलेल्या कथांमध्ये, म्हणजे फॅन फिक्शनमध्ये, ‘एयू’ अशी खूण केलेला एक मोठा प्रकार आढळतो. ‘ऑल्टरनेट युनिव्हर्स’चे हे लघुरूप आहे. पात्रे ओळखीची आणि स्वभाव तोच, पण जग दुसरे. राजवाड्यातील माणसे वसतिगृहात राहू लागतात, योद्धे कॉफीच्या दुकानात कामाला लागतात. (कॉफीच्या दुकानाची कथा तर इतक्या जणांनी लिहिली आहे की तो स्वतंत्र उपप्रकारच झाला आहे.) मी सध्या कर्णावर अशी कथा लिहीत आहे. माझा कर्ण सीमाभागातील एका बसचालकाच्या घरी वाढलेला आहे. शीर्षकाखाली ‘समांतर विश्व’ लिहावे की ‘पर्यायी विश्व’? दोन्ही शब्द खटकतात, पण का खटकतात ते सांगता येत नाही.

उत्तर (शहापूर, बेळगाव)

ताई, आपल्या कानाने बरोबर टिपले आहे. ‘समांतर’ म्हणजे सम अंतर राखून जाणारे. समांतर रेषा एकमेकींना भेटत नाहीत, असे आम्ही शाळेत वर्षानुवर्षे शिकवत आलो. विज्ञानकथेतील दोन जगांना तो शब्द शोभतो, पण आपल्या कथेत कर्ण एका जगातून उठून दुसऱ्या जगात येऊन बसला आहे आणि वाचकाच्या मनात ती दोन्ही जगे क्षणोक्षणी एकमेकांवर आदळत आहेत. ‘पर्यायी’ची अडचण निराळी. रस्ता खोदलेला असला की पर्यायी मार्ग काढतात. मुख्य रस्ता सुरू असता तर त्या वाटेने कोणी गेले नसते, असा त्यात भाव आहे. चाहता लेखक मूळ कथा बंद पडली म्हणून लिहीत नाही, ती पुरेशी वाटत नाही म्हणून लिहितो. (जाता जाता, ‘पर्याय’चा मूळ संस्कृत अर्थ पाळी किंवा क्रम असा आहे. उडुपीच्या कृष्णमठात आठ मठांकडे दर दोन वर्षांनी आळीपाळीने पूजेचा अधिकार जातो, त्या सोहळ्याला ‘पर्याय’च म्हणतात. कन्नड शेजाराने तो अर्थ जपला.)

उत्तर (निपाणी)

‘प्रतिसृष्टी’ हा शब्द तयारच असताना नवा शोधण्याची गरज काय? विश्वामित्राने त्रिशंकूसाठी दक्षिणेकडे नवे सप्तर्षी आणि नवी नक्षत्रे निर्माण केली. याहून जुना ‘एयू’ कोणता दाखवणार?

उत्तर (शहापूर, बेळगाव)

शब्द सुंदर आहे, यात शंका नाही. परंतु ‘प्रति’ या उपसर्गात स्पर्धा येते. साताऱ्याकडे इंग्रजांच्या नाकावर टिच्चून जे चालले ते ‘प्रतिसरकार’ होते. विश्वामित्राची सृष्टीही इंद्रावरच्या रागातून झाली. चाहता लेखक व्यासांशी भांडायला बसलेला नसतो. शिवाय विश्वामित्राने जग नवे केले, पण त्रिशंकूचा स्वभाव त्या नव्या जगात कसा वागतो, याची कोणाला उत्सुकता नव्हती. इथे तर सगळी उत्सुकता त्याचीच आहे.

मी ‘विश्वांतर’ सुचवतो. ‘ग्रामांतर’ म्हणजे दुसरे गाव आणि ‘जन्मांतर’ म्हणजे दुसरा जन्म, तसे ‘विश्वांतर’ म्हणजे दुसरे विश्व. पण मराठीने या ‘अंतर’ला आणखी एक काम दिले आहे. ‘स्थलांतर’, ‘धर्मांतर’, ‘भाषांतर’ हे शब्द आपण क्रियेसाठी वापरतो, म्हणजे इकडून तिकडे जाण्यासाठी. भाषांतरात शब्द सगळे बदलतात आणि तरीही काहीतरी तेच राहते, किंवा राहावे अशी अपेक्षा असते. ताईंच्या कथेत नेमके हेच घडते. ‘समांतर’मधला ‘अंतर’ लांबी मोजतो, तर ‘विश्वांतर’मधला दुसरेपण सांगतो. एकाच शब्दाची ही दोन तोंडे आहेत.

उत्तर (निपाणी)

शब्द मान्य आहे, पण मग या लेखनात नवे ते काय? तमाशातली गवळण घ्या. गौळणी मथुरेच्या बाजाराला निघतात, वाटेत कृष्ण आणि पेंद्या त्यांना अडवतात आणि मावशीच्या तोंडी चालू काळातल्या गावगप्पा येतात. आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरला १८४३ साली जन्मलेल्या अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ साली रंगभूमीवर आले. त्यातील द्वारकेत तर मराठी घरातलाच लग्नाचा घोळ चालू आहे.

उत्तर (खानापूर)

काका, गवळणीचा दाखला मी आनंदाने स्वीकारते. ‘सौभद्र’बाबत मात्र थोडी शंका आहे, कारण तिथे द्वारका द्वारकाच राहते आणि बदलते ती घरातली बोलण्याचालण्याची रीत. माझ्या लेखी विश्वांतरात पात्राचा हुद्दा, काळ आणि गाव काढून घ्यावे लागते. त्यातला आनंदही तिथेच आहे. पात्राची ओळख वाचकाला असतेच, त्यामुळे पहिल्या ओळीपासून थेट परीक्षा घेता येते: रथ, धनुष्य आणि अंगदेश नसलेला कर्ण कशावरून कर्ण? महाभारतात शस्त्रपरीक्षेच्या आखाड्यात कृपाचार्यांनी त्याला कुळ विचारले आणि दुर्योधनाने तिथल्या तिथे राज्य दिले. माझ्या कथेत आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धेच्या टेबलावर त्याला गाव, जात आणि मातृभाषा विचारतात, आणि एक श्रीमंत मुलगा त्याला आपल्या संघाचा कर्णधार करतो. हा प्रसंग लिहिताना मला महाभारतातला दुर्योधन प्रथमच आवडला. मूळ कथा वाचताना पुढचे युद्ध ठाऊक असल्यामुळे त्याच्या मैत्रीकडे मी कधी नीट पाहिलेच नव्हते.

उत्तर (शहापूर, बेळगाव)

उत्तम. मग ‘वेषांतर’ आणि ‘विश्वांतर’ यांतील भेदही नोंदवून ठेवू या. नाव कर्ण, पण वागणे कोणत्याही सिनेमातल्या नायकाचे असेल, तर ते वेषांतर, आणि असे लेखन पुष्कळ होते. जग तेच ठेवून एखादीच घटना फिरवली, उदाहरणार्थ कुंतीने त्याला पाण्यात सोडलेच नाही, तर त्यालाही विश्वांतर म्हणू नये, तो ‘कथापालट’ म्हणावा. चाहते ज्याला ‘कॅनन’ म्हणतात, त्यासाठी ‘मूळकथा’ पुरे. वापर असा करता येईल: ‘कर्णकथेचे विश्वांतर’, ‘विश्वांतरित कर्ण’, ‘ही विश्वांतरकथा आहे’.

उत्तर (खानापूर)

शीर्षकाखाली ‘विश्वांतरकथा’ असेच लिहीन, गुरुजी. एक गाठ अजून सुटलेली नाही. कवचकुंडलांच्या जागी काय ठेवावे? वडिलांच्या नावच्या दीड एकराचा उतारा ठेवून पाहिला, पण जमीन वारशाने येते, आणि कवच तर अंगासोबत जन्मलेले होते.

उत्तर (निपाणी)

भाषा ठेवून पाहा. टेबलावर मातृभाषा विचारली होती ना?